माडामागचे दाजी

इंजिन सुरू होणार म्हटलं की माणसं पुढे सरकतात. दाजी शिवलकर मागे सरकायचे. मागे म्हणजे किती, तर एखादा चांगला जाडजूड माड पाठीला लागेपर्यंत. मग ते वळून त्या माडाच्या आड जायचे, एकच डोळा बाहेर ठेवायचे आणि तिथून हुकूम सोडायचे, "हां, मारा आता हँडल!"

आणि हा माणूस आमच्या किनाऱ्यावर जुन्या लाँचच्या इंजिनांचा सगळ्यात मोठा जाणकार होता.

त्या माडामागे आणखी एक जण असायचा, तो मी. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या वाटेवर माझं रंगाचं, खिळ्यांचं, दोरखंडांचं दुकान होतं. दाजी तिथे रोज येत आणि डांबराच्या पिंपाशेजारच्या स्टुलावर बसत. उंच, किडकिडीत अंगकाठी. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर घट्ट दुमडलेल्या, भर थंडीतसुद्धा. बोटात अंगठी नाही, गळ्यात मफलर नाही. "लोंबतं ते इंजिन पकडतं," असं म्हणायचे, आणि समोरच्याच्या गळ्यातला रुमाल स्वतःच्या हाताने काढून त्याच्या खिशात कोंबायचे. गिऱ्हाईक बिचारं दोन किलो खिळे घ्यायला आलेलं असायचं.

लाँचचा कुणी ड्रायव्हर दुकानात आला की दाजी त्याचा हात हातात घेत. त्याला वाटायचं, काय हा प्रेमळ माणूस! दाजी त्याची बोटं तपासत असत. "ही करंगळी पट्ट्यात गेली. आणि हे नख? हे गोल नाकाच्या बोल्टावर फुटलेलं हाय." अर्ध्या मिरकरवाड्याची बोटं त्यांना पाठ होती. एकदा एक जण वैतागून म्हणाला, "अहो दाजी, कुत्रा चावला होता!"

दाजींनी त्याचं बोट सोडलं नाही. "चावला असेल. पण कुत्रा बसलेला कुठल्या इंजिनाजवळ?"

तरुणपणी ते मोठ्या जहाजाच्या इंजिनखोलीत तेलवाले होते. ते सोडून का आले याच्या त्यांच्याकडे तीन निरनिराळ्या गोष्टी होत्या. एकीत वाफेचा नळ फुटत होता, दुसरीत आग लागत होती, तिसरीत काय होत होतं ते मला कधी नीट कळलं नाही. तिन्हीत दाजी शिडीवरून सगळ्यांच्या आधी वर आलेले असत. हे ते अभिमानाने सांगत. "खाली थांबलेले शूर होते. मी रत्नागिरीत हाय."

त्या काळात, म्हणजे ऐंशीनंतरच्या वर्षांत, खाड्यांतल्या लाँचींवर नवी डिझेल इंजिनं बसली आणि जुनी धूडं काढून माडाबागांत टाकली गेली. त्यांच्या चाकाखाली कोंबड्या अंडी घालत. मग कुठूनसं वारं आलं आणि मुंबईची हौशी माणसं ती धूडं शोधत हिंडायला लागली. त्यांना ती घासूनपुसून, दुरुस्त करून पुन्हा चालवायची असत. पहिला प्रश्न असायचा, हे इंजिन कुठलं आणि केव्हाचं? त्याचं उत्तर दाजींकडे.

दाजींची तपासणी बघायला मी दुकान बंद करून जात असे. आधी हात पाठीमागे बांधून इंजिनाभोवती लांबून एक फेरी. मग जवळून एक. मोठ्या चाकाचे आरे वाकडे की सरळ? वाकडे असतील तर ओतकाम जुनं. बोल्टाचं डोकं चौकोनी की षट्कोनी? आटे इंची की मिलिमीटरचे? मग खिशातून चाकू आणि घड्याळजीचं भिंग निघायचं. आमच्याकडे नारळी पौर्णिमेच्या आधी होडीबरोबर इंजिनालाही रंगाचा हात देतात, दरवर्षी. त्यामुळे जुन्या इंजिनावर रंगाचे पापुद्रे कांद्यासारखे चढलेले असतात. दाजी एक टवका कापून भिंगाखाली धरत आणि थर मोजत. "मालक बदलला इथे. हा निळा पहिल्याचा, हिरवा दुसऱ्याचा. ह्या सालात पैसे नव्हते वाटतं, नुसतं डांबर फासलंय."

पितळेची पाटी मात्र ते वाचत नसत. इंजिनावर कारखान्याचं नाव, साल, नंबर कोरलेली पाटी असते. सगळे आधी तिकडे धावतात. दाजी तिच्याकडे पाठ करत. "पाटी स्क्रूवर बसते. स्क्रू निघतो."

आणि निकाल द्यायचे तो दोन भागांत. ते विचारत, "वय सांगू की मारतं कुठून ते सांगू?" समोरचा म्हणायचा, वय. दाजी आधी मारतं कुठून ते सांगत. त्यांच्या मते इंजिनाचं साल जाणून घ्यायचं ते एवढ्यासाठीच. प्रत्येक सालच्या इंजिनाची लाथ मारायची जागा वेगळी. ओळख पटली की कुठे उभं राहायचं नाही ते कळलं.

त्यांचा मुलगा विलास नेमका उलटा निघाला. ट्रॉलरवर ड्रायव्हर होता, हाताने उत्तम, आणि भीती नावाची वस्तू त्याच्याकडे नव्हती. चालत्या पट्ट्यावरून हात घालून तेल सोडायचा. दाजी बंदरावर त्याला बघायला गेले की लांबून एकच हाक ऐकू यायची, "विलास! हात कुठे हाय तुझा?"

"खांद्याला, बाबा!" विलास ओरडायचा, आणि धक्का हसायचा.

याच विलाससाठी मुलगी बघायला दाजी गुहागरला गेले, तेव्हा मी सोबत होतो. सुपारीच्या बागेतलं घर, ओटीवर पोह्यांच्या बशा, मुलगी नुकती येऊन बसलेली. ओटीच्या कडेला बागेला पाणी देणारं जुनं इंजिन ठक ठक करत होतं. दाजींनी चमचा तोंडाशी नेला आणि तसाच धरला. मान वाकडी केली. मग एकदम बशी खाली ठेवून ते ओरडले, "उठा! ह्या ओटीवरून उठा सगळे!"

मुलीचा बाप बघतच राहिला. आई म्हणाली, "अहो, पोहे खारट झाले का?" विलासने कपाळाला हात लावला. पण मुलगी उठली. काही न विचारता तिने शेजारी बसलेल्या आजीला काखेत धरलं आणि अंगणात नेऊन उभं केलं.

दाजींनी इंजिन बंद करायला लावलं. चाक थांबल्यावर त्यांनी खिशातली छोटी हातोडी काढून चाकावर मारली. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं. हे वाजलं फुटक्या मडक्यासारखं. आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी चीर गेली होती, आणि ते चाक फुटलं असतं तर ओटीच्या दिशेनेच आलं असतं. मुलीचा बाप पायरीवर बसला तो बराच वेळ उठला नाही.

परतीच्या वाटेवर दाजी म्हणाले, "पोरगी पसंत."

मी म्हटलं, "अहो, विलासला विचारा तरी."

"त्याला काय विचारायचं? तो बसून राहिला होता. ती उठली."

तर अशी मंगल त्यांच्या घरात आली.

आता तुम्हाला वाटेल, यानंतर गाव दाजींचं ऐकायला लागलं असेल. छे! अहो, दाजी एका चिरलेल्या चाकाला घाबरले असते तर गोष्ट वेगळी. ते पिठाच्या गिरणीला घाबरत, एसटीला घाबरत, मंगलने माहेराहून आणलेल्या मिक्सरला तर इतके घाबरत की चटणी वाटताना सगळ्या घराला अंगणात काढत. होता होता आमच्या लोकांनी यातून भलताच शकुन काढला. दाजी माडामागे गेले की इंजिन हमखास सुरू होतं! नवी होडी पाण्यात जायची असली की मुद्दाम बोलावणं यायचं. "दाजी, या हां घाबरायला!" आणि दाजी जितके जास्त घाबरत, तितके मालक खूष.

बाळाशेठचा प्रकार घडला तो यामुळे.

बाळाशेठ हे रत्नागिरीतले जुने व्यापारी. त्यांच्या वडिलांची 'लक्ष्मीप्रसाद' नावाची लाँच एकेकाळी खाडीत उतारू नेत असे. वडील गेल्यावर ती त्यांच्या बागेच्या कडेला चिखलात पडली होती. बाळाशेठच्या मनाने घेतलं की तीच लाँच, त्याच इंजिनासकट, नीट करायची आणि नारळी पौर्णिमेला वडिलांच्या नावाने समुद्राला नारळ तिच्यावरून द्यायचा. दुरुस्तीचं काम विलासला दिलं. पोराने जीव ओतला. गंजलेला एकेक भाग रॉकेलमध्ये बुडवून सोडवला. माझ्या दुकानातला लाल ऑइलपेंट नेऊन त्याने ते इंजिन नव्या नवरीसारखं सजवलं. त्यावर पितळेची पाटी झगमगत होती. दर दसऱ्याला चिंचेने घासून तिच्यावरची अक्षरं पुसट झाली होती आणि कडांना वर्षानुवर्षांचं कुंकू बसलं होतं.

हे इंजिन जुन्या जातीचं. त्याचं डोकं आधी ब्लोलॅम्पने लाल होईस्तोवर तापवायचं आणि मग मोठं लोखंडी हँडल घालून चाक फिरवायचं. इंजिनाने पेट घेतला की हँडल आपोआप सुटतं. पण एक अट. हँडल इंजिनाच्या दिशेनेच फिरवलं पाहिजे. उलट फिरवलं तर ते पेट घेताना स्वतःच्या दिशेने उसळी मारतं, हँडल सुटत नाही, आणि धरणाऱ्याचा हात घेऊन फिरतं.

दाजींना बोलावणं आलं, अर्थातच घाबरायला. त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. आरे पाहिले, बोल्ट पाहिले. आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा पाटी वाचताना पाहिलं. वाचून ते म्हणाले, "पाटी तरणी हाय, इंजिन म्हातारं. ही पाटी ह्याची नाय."

"दाजी, काय बोलता!" बाळाशेठ हसले. "माझ्या जन्मापासून ती पाटी आमच्या लाँचवर बघतोय मी."

"लाँचवर असेल. ह्या इंजिनावर नसेल. विलास, हे फिरतं कुठल्या बाजूला?"

"उजव्या. पाटीवर आहे तसलंच इंजिन जयगडच्या लाँचवर चालतं, मी जाऊन बघून आलो."

"आणि पंखा? पाण्यातला जुना पंखा बघू. त्याच्या पातीवरून कळेल."

पंखा कधीच चोरीला गेला होता. नवा बसवला होता तोही जयगडचा बघून. जुना ड्रायव्हर वारला होता. दाजी म्हणाले, "पाटी काढा. खाली काय हाय ते बघतो."

इथे बाळाशेठचं हसू गेलं. "पाटीला हात लावायचा नाही. माझे वडील आंघोळ केल्याशिवाय तिला शिवत नसत."

"बाळाशेठ, पोराचा हात जाईल हो!"

"तुम्ही मिक्सरलाही असंच म्हणता, दाजी," विलास म्हणाला. सगळे हसले. खरं सांगतो, मीही हसलो. विलासचा डबा घेऊन आलेली मंगल तेवढी हसली नाही.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी खाडीच्या काठावर ही गर्दी! बायका नव्या साड्यांत, सोनेरी कागद लावलेला नारळ ताटात, ताशा वाजतोय. लाँच काठाला बांधलेली. विलास आत वाकून ब्लोलॅम्प मारत होता, आणि इंजिनाचं डोकं हळूहळू काळ्याचं तांबूस, तांबूसचं लाल होत होतं. मी आपल्या नेहमीच्या जागी गेलो. माडाला पाठ लावली, डोळा बाहेर काढला आणि म्हटलं, "दाजी, आज जरा जास्तच गर्दी आहे, नाही?"

वळून बघतो तो माडामागे मी एकटा.

इतकी वर्षं आम्ही दोघं तिथे उभे राहत होतो. दाजी घाबरायचे आणि मला मजा वाटायची, कारण भीतीचं काम ते करत होते. आता ती सगळी माझ्या अंगावर आली. मी डोळे फाडून गर्दीत शोधायला लागलो, आणि दिसले.

दाजी लाँचवर होते. इंजिनाला अगदी लागून. ज्या डोक्यापासून ते जन्मभर पळाले ते त्यांच्या कानाशी लाल होऊन फुरफुरत होतं. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. हातात स्क्रूड्रायव्हर. आणि त्यांच्यामागे पदर खोचून, बाजूच्या कठड्याला धरून, मंगल उभी.

"दाजी! पाटीला हात लावू नका!" बाळाशेठ काठावरून कडाडले. ताशा थांबला.

"बाबा, बाजूला व्हा. डोकं तापलंय, आत्ताच मारायला हवं." विलासने हँडल घातलं होतं.

"मार," दाजी म्हणाले. आवाज इतका बारीक होता की शांतता नसती तर ऐकूही आला नसता. "मी इथून हलणार नाय. मार."

विलासने बापाकडे पाहिलं. दाजी चाकाला अंग टेकून उभे होते. हँडल फिरलं असतं तर आधी त्यांच्या बरगड्यांत बसलं असतं. विलासचे हात हँडलवर तसेच राहिले. माझी खात्री आहे, त्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली ती त्या क्षणी.

स्क्रू निघेना. दाजींनी लावलेलं टोक पुन्हा पुन्हा खाचेतून निसटत होतं. तेव्हा मंगल पुढे झाली. तिने त्यांच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. "मामंजी, तुम्ही दाबा. मी फिरवते."

एकेक करून स्क्रू पडले. पाटी सुटली तशी मंगलने ती पदरात झेलली, खाली पडू दिली नाही. पाटीखाली लोखंड नव्हतं. रंग होता. हिरवा, त्याच्या टवक्यांतून निळा, त्याखाली काळा. म्हणजे कित्येक पौर्णिमांचे हात बसल्यावर ती पाटी तिथे आली होती. दाजींनी चाकूने रंग खरवडला. आतून ओतकामातच उठवलेला एक बोटभर बाण वर आला.

बाण डावीकडे होता.

विलासने हँडल बाहेर काढलं आणि मट्कन खाली बसला. आपला उजवा हात डाव्या हाताने धरून तो त्याच्याकडे बघत राहिला.

बाळाशेठ लाँचवर चढले. बाणावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मी अगदी लहान होतो. दसऱ्याला बाबांनी एक पाटी ताम्हणात घालून घरी आणली होती. आईने ओवाळली तिला. पहिलं इंजिन कामातून गेलं होतं, आणि हे मुंबईहून भंगारात घेतलं होतं. बाबा म्हणाले, इंजिन बदललं तरी लाँचचं दैव बदलायचं नाही."

दाजी म्हणाले, "दोन पंख्यांच्या बोटीचं असणार. त्यांच्यात एक उजवं असतं, एक डावं. हे डावं." आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं की आपण कुठे उभे आहोत. "अगो बाय माझे!" म्हणून त्यांनी जी उडी मारली ती थेट गुडघाभर पाण्यात, आणि तिथून तडक माडामागे, माझ्या शेजारी. दात वाजत होते. मी त्यांचा हात धरला. खरं म्हणजे त्यांनी माझा धरला, आणि सवयीने माझी बोटं चाचपायला लागले.

"हां," ते ओरडले, "मारा आता! डावीकडे!"

विलासने बाजू बदलली आणि हँडल मारलं. ठक्. ठक्. ठक ठक ठक! हँडल अलगद सुटून त्याच्या हातात आलं. धुराचं वेटोळं वर गेलं, ताशा कडाडला. काठाचे दोर सुटले. विलासने गिअर पुढे टाकला आणि 'लक्ष्मीप्रसाद' दिमाखात मागे निघाली.

अहो, पंखा उजव्या इंजिनाचा ना! तो पुढच्या गिअरला मागे ओढत होता. बाळाशेठ नारळाचं ताट घेऊन पुढच्या टोकाला, नाळेवर उभे, आणि लाँच पाठमोरी खाडीच्या मुखाकडे चाललेली. विलास गिअर उलटा टाकायला धावत होता, पण बाळाशेठनी हात वर केला. ते स्वतः चालत मागच्या टोकाला गेले आणि तिथून, पूर्ण गांभीर्याने, समुद्राला नारळ दिला. काठावर माणसं हसून लोळत होती. माडामागे दाजी मात्र हसत नव्हते. ते लांबूनच विलासचे हात मोजत होते. एक. दोन.

पुढे ती पाटी त्याच इंजिनावर परत बसली, पण दुसऱ्या जागी. बाण उघडा राहिला. दसऱ्याला आता पाटीला कुंकू लावतात आणि बाणालाही.

विलास बदलला असं नाही. पण हँडल मारायच्या आधी तो थांबायला लागला. पुढे त्याला परदेशी जहाजावर नोकरी लागली आणि तो मुंबईला निघाला. दाजींना मी एखाद्या परक्या माणसाच्या नजरेने नीट निरखून पाहिलं ते तेव्हा, एसटी स्टँडवर. गाडीला निघायला वेळ होता. दाजींनी हात पाठीमागे बांधले, गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटला कान लावला आणि ड्रायव्हरला विचारलं, "कुठल्या सालची हो?"

"आजोबा, बसायचं असेल तर बसा," ड्रायव्हर म्हणाला.

त्याने चावी फिरवली तसे दाजी मागे सरकले. स्टँडवर माड नव्हता. एक सिमेंटचा खांब होता, त्याच्या आड ते गेले. मंगल आपल्या पोराला कडेवर घेऊन खिडकीपाशी उभी होती. गाडी हलली. विलासने खिडकीतून हात बाहेर काढला, खांद्यापर्यंत, आणि तो अख्खा, धडधाकट उजवा हात हलवायला लागला. मंगल हलवत होती, पोर हलवत होतं, मीही हलवत होतो.

गाडी फाटकातून वळली. खांबामागून फक्त एक डोळा दिसत होता, आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा आवाज आला.

"विलास! हात आत घे!"